मिलिंदचे हृदय आणि एक्मो

मिलवॉकी, विस्कॉन्सिन

प्रिय अनिल,

सप्रेम नमस्कार.

मिलिंदला हृदयविकाराचा झटका आला होता का, असे तू विचारले आहेस. झटका नव्हता, सुरुवात फुप्फुसात झाली. ब्लास्टोमायसीस नावाची बुरशी इकडे नद्या-तळ्यांच्या काठच्या ओलसर मातीत आणि कुजक्या लाकडात वाढते व तिचे बीजाणू श्वासावाटे आत जातात. २०२३ साली शेजारच्या मिशिगनमध्ये, एस्कनाबाच्या कागद गिरणीशी संबंधित शंभरांहून अधिक लोक तिने आजारी पडले होते. तरीही ताप-खोकला पाहून आधी नेहमीचा न्यूमोनियाच मानला जातो. मिलिंदचेही तेच झाले. लघवीच्या तपासणीत बुरशी सापडेपर्यंत त्याला व्हेंटिलेटरही अपुरा पडू लागला होता.

संसर्गामुळे शरीरभर जो दाह उसळला, त्यात हृदयाचा स्नायूच दुबळा पडला. निरोगी माणसात दर ठोक्याला डाव्या कप्प्यातले निम्म्याहून अधिक रक्त बाहेर पडते. त्याचे जेमतेम १५ टक्के पडत होते. तेव्हा एक्मोसाठी, म्हणजे हृदय-फुप्फुसांचे काम शरीराबाहेरून करणाऱ्या यंत्रासाठी, वहिनींची संमती घेतली गेली. मांडीच्या शिरेतून जाड नळीने काळपट रक्त बाहेर येते, पंप ते कृत्रिम पडद्यापाशी नेतो, तिथे कर्बवायू निघून प्राणवायू मिसळतो आणि लाल झालेले रक्त धमनीत परत जाते. ते गोठू नये म्हणून हेपॅरिन द्यावे लागते, मग रक्तस्रावाची धास्ती. धमनीतल्या नळीमुळे पाय गार पडू नये म्हणून त्यासाठी वेगळी बारीक नळी. बुरशीवरचे ॲम्फोटेरिसिन तर मूत्रपिंडांना त्रास देते आणि पोटॅशियम उतरवते, ज्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

लोक यंत्राचे कौतुक करतात, पण माझ्या मते बुरशी ओळखली गेली नसती तर यंत्र नुसते फिरत राहिले असते. औषध लागू पडले, तसे इकोमध्ये हृदयाचे आकुंचन सुधारत गेले, पंपाचा वेग टप्प्याटप्प्याने कमी केला आणि परवा नळ्या काढल्या. आता इट्राकोनॅझोलच्या गोळ्या बहुधा वर्षभर चालतील.

आईला २०२१ मधली काळी बुरशी आठवून धडकी भरली आहे. ही बुरशी निराळी आहे आणि माणसाकडून माणसाला लागत नाही, हे तिला घरी जाऊन नीट समजाव. फोनवर माझे ती ऐकत नाही.

तुझा,
श्रीकांत