विरंगुळा केंद्रांत संधिवाताच्या ज्येष्ठांसाठी व्यायामाचे वर्ग हवेत

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

‘गुडघे झिजलेत, आता जपून राहा,’ असं मला एकसष्टाव्या वर्षी सांगितलं गेलं आणि ते मी अगदी मनावर घेतलं. दर शनिवारची पर्वती बंद केली, सारसबागेतली फेरी बंद केली, मंडईतून भाजी आणणंही सुनेवर सोपवलं. तीन वर्षं अशी जपून राहिल्यावर एके दिवशी स्वारगेटला बसच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि अंग वर उचलताच येईना. मागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीने कमरेला आधार देऊन मला वर चढवलं. ‘आजी, सावकाश,’ म्हणाली बिचारी. मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि घर येईपर्यंत डोळे पुसत होते.

गुडघे झिजले होते, हे खरं. पण त्या दिवशी बसमध्ये चढता आलं नाही ते मांड्यांमध्ये ताकदच उरली नव्हती म्हणून. हे मला कळलं पुढच्या वर्षी, आमच्या भागात एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी संधिवात असलेल्या ज्येष्ठांसाठी गटाने व्यायाम सुरू केला तेव्हा. या पत्राचं कारण तो वर्ग आणि त्याचं पुढे जे झालं ते.

सोमवार आणि गुरुवार, सकाळी साडेआठ ते साडेनऊ. आम्ही अठराजण होतो. सगळ्यात लहान अठ्ठावन्न वर्षांच्या, घरकाम करणाऱ्या एक मावशी. सगळ्यात मोठे एक्याऐंशी वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले काका. पहिल्या दिवशी ताईंनी प्रत्येकाला खुर्चीवर बसवलं, हात छातीवर घडी घालायला लावले आणि सांगितलं, ‘हात न टेकता उठा, बसा. तीस सेकंदांत किती वेळा होतं ते बघू.’ माझं चार वेळा झालं. काकांचं एकदाही होईना, तेव्हा त्यांच्या खुर्चीवर दोन उशा ठेवून ती उंच केली. उठण्यापेक्षा बसणं अवघड होतं, कारण आम्ही सगळेच धपकन बसायचो. ‘खुर्चीवर अंडं ठेवलंय असं समजून टेका,’ असं त्या म्हणायच्या, आणि खरोखर त्या सावकाश टेकण्यातच मांडीचे स्नायू भरून येतात.

मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पायाने खाली दाबायची, पाच आकडे होईपर्यंत धरायची, सोडायची. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलायच्या. जुन्या साडीच्या पिशवीत अर्धा किलो वाळू भरून ती घोट्याला बांधायची आणि पाय समोर सरळ करायचा. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी, हे इतकं साधं मला कुणीच सांगितलं नव्हतं. आकडे सगळे मिळून मोठ्याने म्हणायचे, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. आठव्या आठवड्यात माझं उठणं-बसणं अकरा वेळा झालं. काकांनी उशा काढून तीन वेळा केलं, तेव्हा अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या.

हे सगळं घरी एकटीने करता येणार नाही का, असं कुणी विचारेल. येतं. मला आधी छापील कागद मिळालाही होता. तो आठ दिवस फ्रिजवर लावलेला होता आणि मग त्यावर दुधाचा हिशेब लिहिला गेला. दुखतं तेव्हा एकटं माणूस घाबरतं आणि थांबतं. शेजारच्या खुर्चीवरची बाई तेच दुखणं घेऊन करत असते, तेव्हा धीर येतो. शिवाय न गेल्यास फोन येतो. आमच्यातल्या तिघी एकट्या राहतात, मुलं परदेशी. त्यातली एक दोन वर्ग आली नाही म्हणून आम्ही घरी गेलो, तर ती तापाने पडलेली होती.

दुखण्याबद्दल ताईंनी जे शिकवलं ते वाचकांनाही उपयोगी पडेल. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं धरलं तर व्यायाम करताना पाचपर्यंतचं दुखणं चालतं. मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत ते पूर्वीच्या पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं, तर पुढच्या वेळी कमी करायचं, बंद करायचं नाही. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं आणि ते वंगण आत-बाहेर व्हायला हालचाल लागते, स्पंज दाबून सोडावा तशी. मी जपून बसले होते, तेव्हा तिची उपासमारच करत होते.

मात्र संधिवात म्हणजे सगळा एकच नव्हे. आमवातात सांधे सुजतात, गरम लागतात, सकाळचा ताठरपणा तासभर जात नाही; त्याला औषध वेळेवर सुरू व्हावंच लागतं आणि सूज भरात असताना व्यायाम हलका ठेवावा लागतो. २०२४ च्या चिकुनगुन्याच्या साथीनंतर सांधे धरलेले कितीतरी लोक पुण्यात आहेत. म्हणून आधी डॉक्टरांचं निदान आणि समोर शिकलेलं माणूस, या दोन्ही गोष्टी हव्यात. बागेतल्या काही गटांत सरसकट सगळ्यांना वज्रासनात बसवतात आणि सत्तरीच्या बायका लाजेखातर दात-ओठ खाऊन बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ओपन जिमची उपकरणंही कितीतरी बागांत आहेत, पण दुखऱ्या गुडघ्याने त्यातलं कशाला हात लावावा आणि कशाला नाही, हे सांगणारं तिथे कुणी नसतं.

हे काही नवीन खूळ नाही. डेन्मार्कमध्ये २०१३ साली ‘ग्लॅड’ नावाचा असाच उपक्रम सुरू झाला. गुडघा आणि खुब्याच्या संधिवाताची माहिती देणारे दोन-तीन वर्ग आणि मग आठवड्यातून दोनदा असे व्यायामाचे बारा वर्ग, तेही प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. तो पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलियापर्यंत गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पासष्टीपुढच्यांना तोल आणि ताकद यांचा व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस करायला सांगितलाय. आणि आपल्या पुण्याला तर याचं अप्रूप वाटायला नको. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली या शहरात आले आणि ज्याला जे आसन झेपत नाही त्याला खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा देऊन ते झेपेल असं करण्याची पद्धत त्यांनी इथेच घडवली. टिळक रस्त्यावरचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासून या शहराला व्यायाम शिकवतंय. व्यायामाला सामाजिक काम मानणारं हे गाव आहे. त्यात आमच्यासारख्यांची सोय तेवढी राहून गेली आहे.

आता आमच्या वर्गाचं काय झालं ते सांगते. तीन महिन्यांनी हॉल दुसऱ्या कामासाठी हवा म्हणून आम्हाला पहिल्या मजल्यावरची खोली मिळाली. लिफ्ट नाही. जिन्याच्या अठरा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. गुडघेदुखीच्या वर्गाला जिना चढून यायचं! पहिल्याच आठवड्यात सातजण गळाले, त्यात काका होते. पुढे ताईंच्या मानधनाचा प्रश्न आला. आम्ही वर्गणी काढली, पण मावशींना आणि आणखी दोघींना ती परवडेना. आम्ही त्यांची भरतो म्हटलं, तर त्या संकोचाने यायच्याच थांबल्या. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, कारण दिवसभर फरशी पुसून आणि भांडी घासून ज्यांचे गुडघे गेले, त्यांना या वर्गाची गरज आमच्यापेक्षा जास्त होती.

म्हणून पुणे महापालिकेला आपल्या दैनिकातून माझी कळकळीची विनंती आहे. शहरात ठिकठिकाणी ज्येष्ठांची विरंगुळा केंद्रं आहेत. त्यांतल्या ज्यांचा हॉल तळमजल्यावर आहे, तिथे आठवड्यातून दोन सकाळी एक-एक तास संधिवाताच्या व्यायामासाठी राखून ठेवावा. हात नसलेल्या, न हलणाऱ्या वीस खुर्च्या द्याव्यात. फिजिओथेरपिस्टचं मानधन महापालिकेने द्यावं, म्हणजे येणाऱ्याला पैशाचा विचार करावा लागणार नाही. शहरातल्या फिजिओथेरपी महाविद्यालयांचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली येऊ शकतील; त्यांनाही शिकायला माणसं हवीच असतात. आणि वर्ग एकदा सुरू केला की निदान वर्षभर चालू द्यावा, कारण स्नायूंना आलेली ताकद व्यायाम थांबला की महिन्या-दोन महिन्यांत ओसरायला लागते. मी ते माझ्या अंगावर अनुभवलंय.

सध्या आम्ही नऊजणी एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये जमतो, आपापल्या घरून खुर्च्या घेऊन. ताई पंधरा दिवसांतून एकदा येऊन बघून जातात, पैसे घेत नाहीत. पार्किंगला उतार असल्याने खुर्च्या सरकतात, म्हणून त्या भिंतीला टेकवून ठेवतो आणि आळीपाळीने उठतो-बसतो. मावशी गेल्या सोमवारपासून पुन्हा यायला लागल्या आहेत. काकांना मात्र तिथवर चालत येणं होत नाही. त्यांच्या घराजवळच्या विरंगुळा केंद्राचा हॉल तळमजल्यावर आहे आणि दुपारी चारपर्यंत त्याला कुलूप असतं.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक,
सहकारनगर, पुणे