सुध्या, ते यंत्र विकू नकोस

ठाणे, रविवार, ७ जून २०२६

प्रिय सुध्या,

तुझे फोटो मिळाले, व्हॉट्सॲपवर उत्तर टाइप करायला घेतलं आणि अंगठा दुखायला लागला म्हणून लॅपटॉप उघडला, आता पत्रच होणार आहे, चहा घेऊन बस. तुझा प्रश्न सरळ आहे, की शाळेच्या लॅबच्या माळ्यावर हे सूर्य-पृथ्वी-चंद्राचं जुनं मॉडेल सापडलंय, हेडसर म्हणतायत भंगारात द्या, आणि मी असली मॉडेलं दुरुस्त करून विकतो, मग याचे किती येतील. येतील रे. चकचकीत करून, लाकडी बेसला फ्रेंच पॉलिश मारून इन्स्टावर टाकलं तर आठ-दहा हजार कोणीही देईल, आणि घोडबंदरच्या एखाद्या टॉवरमधला असेल तर घासाघीससुद्धा करणार नाही. पण तू विकू नकोस. एक तर डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत, नोंद असणार, निर्लेखनाशिवाय, म्हणजे ती नोंद रीतसर रद्द झाल्याशिवाय, हात लावलास तर उद्या तुझ्याच मागे लागतील. दुसरं कारण मोठं आहे.

तू आर्म, म्हणजे पृथ्वीचा गोल ज्याच्या टोकाला आहे तो आडवा दांडा, फिरवतानाचा व्हिडिओ पाठवलास ना, तो परत बघ. मधल्या सूर्याच्या बल्बकडे बघू नकोस, पृथ्वीच्या गोलाच्या वरच्या टोकाकडे बघ. आर्म पूर्ण गोल फिरतो आणि उत्तर ध्रुव सगळा वेळ बल्बकडेच वाकलेला राहतो. म्हणजे तुमच्या शाळेत बारमाही मे महिना! डिसेंबर नाही, थंडी नाही, आणि ऑस्ट्रेलियात कायमचा हिवाळा. आणि कोण जाणे किती वर्षं मुलांना हेच दाखवून 'ऋतू असे होतात' म्हणून शिकवलं गेलं असेल. खरं तर त्या यंत्राची सगळी करामत इथेच आहे. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंश कललेला आहे हे सगळेच घोकतात, पण तो वर्षभर एकाच दिशेला कललेला राहतो हे कुणी सांगत नाही, आणि ऋतू होतात ते त्यामुळे. यंत्रात आर्म कुठेही असो, गोलाचं वरचं टोक लॅबच्या त्याच भिंतीकडे झुकलेलं दिसलं पाहिजे.

हे कसं साधतात बघ. मधल्या खांबाच्या बुडाशी एक चेनचं चाक असतं, स्प्रॉकेट, आणि पृथ्वीच्या दांड्याखाली अगदी तेवढ्याच दात्यांचं दुसरं. मधलं चाक बेसला पक्कं असतं, ते आर्मबरोबर फिरता कामा नये. आर्म फिरला की चेन त्या स्थिर चाकावरून सरकते आणि टोकाचं चाक आर्मच्या मानाने तितकंच उलटं फिरतं, बेरीज शून्य, म्हणून अक्ष दिशा बदलत नाही. तुझ्या व्हिडिओत मधलं चाक आर्मबरोबर मजेत फिरतंय, म्हणजे त्याला जागेवर धरणारी टेपर पिन तुटलीय किंवा ग्रब स्क्रू सैल झालाय. बास, एवढाच रोग आहे. वीस रुपयांची पिन. यासाठी यंत्र भंगारात?

आता चंद्र. क्लोजअपवरून वाटतंय की चंद्राला चेन नाही, गिअर आहेत, आणि ते चांगलं आहे, कारण एका चेनवर घेतला असता तर चंद्र उलटा फिरला असता. तू एक कर, प्रत्येक चाकाचे दाते मोज. मोजताना एका दात्यावर मार्करने ठिपका दे, नाहीतर चाळीसच्या पुढे माणूस हमखास चुकतो. मला बघायचंय की बनवणाऱ्याने वर्षाला किती पौर्णिमा धरल्यात. शाळेसाठीच्या स्वस्त मॉडेलांत सरळ १२ धरतात, मुलांना चालतं. पण ज्याने जीव ओतलाय तो १९ वर्षांत २३५ बसवतो. आता गणित कर, तू गणिताचा मास्तर आहेस: १९ गुणिले १२ म्हणजे २२८, वर उरले ७. ते सात म्हणजे आपले धोंड्याचे महिने! आत्ता चालूच आहे ना, अधिक ज्येष्ठ, मागचा २०२३ मध्ये श्रावणात आला होता. १९ वर्षांत सात अधिक महिने घातले की चंद्र आणि सूर्य जवळपास दोन तासांच्या फरकाने परत जमतात, एवढा तो हिशेब नेमका आहे. तुझ्या यंत्रात १२ निघाले तर त्या यंत्रात धोंडा कधीच येणार नाही, जावयांचं कायमचं नुकसान. अनघाला हे सांगितलं तर ती म्हणाली माझ्या बाबांना ते यंत्र आवडेल.

असा गिअर ट्रेन, म्हणजे एकमेकांत अडकलेल्या गिअरची रांग, मी एकदा करून घेतलाय. २३५ दात्यांचं चाक अवाढव्य होतं म्हणून त्याचे तुकडे पाडायचे, ४७ ला १९ आणि ६० ला १२, गुणाकार केलास की तेच उत्तर येतं. वागळे इस्टेटमध्ये एक टर्नर मामा आहेत, गाळा इतका अरुंद की लेथच्या मागे जायला पोट आत घ्यावं लागतं, त्यांना म्हटलं मामा ४७ दाते पाहिजेत. माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, म्हणाले सत्तेचाळीस कोण लावतं रे, पन्नास कर सरळ. मग डिव्हायडिंग हेडच्या, म्हणजे चाकाचे सारखे भाग पाडायच्या साधनाच्या, प्लेटवर ४७ भोकांचं वर्तुळ निघालं, ते त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वापरलं, आणि काम झाल्यावर विचारतात कशाची मशीन आहे. चंद्राची म्हटलं. तेव्हापासून गाळ्यात गेलो की सगळ्यांना 'चंद्रवाले आले' असं सांगतात.

बाकी ग्रहांच्या मॉडेलांत हाच खेळ आहे, फक्त आकडे वेगळे. शुक्राला १३ ला ८ लावलं की काम भागतं, म्हणजे पृथ्वीच्या ८ फेऱ्यांत शुक्राच्या १३. मंगळाला ७९ ला ४२, इथे ७९ पृथ्वीच्या. शनीसाठी हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात २०६ ला ७ काढलं होतं, आणि ते काढायला त्याने अपूर्णांकांची अशी उतरंड रचली की ती आजही गणितात शिकवतात. त्याला करायचं होतं एवढंच, की दाते कमीत कमी आणि चूकही कमीत कमी. सुध्या, मुलांना अपूर्णांक शिकवायला याहून चांगलं कारण तुला कुठल्या पुस्तकात मिळणार आहे सांग.

आणि वेडे लोक बघायचे तर हॉलंडमधल्या फ्रानेकर गावातला आइसे आइसिंगा. लोकर पिंजून विकायचा धंदा. १७७४ मध्ये काही ग्रह आणि चंद्र आकाशात एकत्र आले तेव्हा जगबुडीची आवई उठली, तर या गड्याने लोकांना समजावं म्हणून स्वतःच्या राहत्या घराच्या छतात सूर्यमाला बसवली, १७८१ पर्यंत काम चाललं. ती अजून चालू आहे, खऱ्या वेगाने, म्हणजे शनीला एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. युनेस्कोने २०२३ मध्ये जागतिक वारशात घेतली. हे मी जेवताना सांगत होतो तर अनघाने एकदा माझ्याकडे आणि एकदा हॉलच्या सीलिंगकडे बघितलं, मी विषय बदलला.

तू विचारलंस धंदा कसा चाललाय. धंदा म्हणू नकोस, पेट्रोल सुटतं. माल येतो चोर बाजारातून, बंद पडलेल्या कोचिंग क्लासमधून, आणि बराचसा अंबाल्याचा असतो, आपल्या शाळांना लागणारं सायन्सचं सामान वर्षानुवर्षं तिकडेच बनतं. तुझंही मला अंबाल्याचंच वाटतंय, बेसखाली पट्टी असेल तर बघ. क्वचित जुना इंग्लिश पीस मिळतो, त्याचे स्क्रू बीए आट्याचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे, त्यात आपला मेट्रिक स्क्रू जबरदस्तीने घातला की संपलं. शंभर वर्षांच्या वरची वस्तू देशाबाहेर विकायची नाही, १९७२ चा कायदा आहे, त्यामुळे परदेशातून कोणी विचारलं की मी हात जोडतो.

गिऱ्हाईकं मात्र एकेक नग. एक इंटिरिअरवाली म्हणाली छान आहे पण ग्रह सगळे एका साइजचे करून द्या ना, सिमेट्री येईल. एक जण प्लूटो कुठाय म्हणून भांडला, त्याला प्लूटोला ग्रहांतून वगळल्याची २००६ ची बातमी अजून पोचली नव्हती. मोटर बसवून द्या हे तर प्रत्येक जण म्हणतो, आणि मी देत नाही, कारण मोटर लावली की माणूस दोन मिनिटं बघतो आणि मोबाईल काढतो, हँडल हातात असलं की तो थांबतो, मागे फिरवतो, ग्रहण कुठे लागतं ते शोधतो. सगळ्यात भारी ते नौपाड्यातले काका, म्हणाले राहू-केतू बसवून मिळतील का. मी म्हटलं बसवलेलेच आहेत! चंद्राखाली ती तिरकी रिंग आहे ना, पाच अंशांनी कललेली, ती पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला ज्या दोन ठिकाणी छेदते तेच तुमचे राहू आणि केतू, आणि ती रिंग साडेअठरा वर्षांत उलटी एक फेरी मारते. काका खुर्चीत बसले आणि हँडल फिरवत राहिले. त्यांना मी कमी पैशात दिलं, अनघाला सांगू नकोस.

एक गोष्ट मात्र मला खटकते. बाजारात नवीन पितळी मॉडेलं मिळतात, त्यावर लंडनचं नाव आणि अठराशे कितीतरी साल कोरलेलं असतं, ॲसिडने काळी केलेली. दिसायला झकास, आणि आतले गिअर? सगळे ग्रह एकाच वेगाने. बुध आणि शनी जोडीने फिरतायत, हातात हात घालून! शोपीस म्हणून विका ना, कोण नाही म्हणतंय, पण अँटिक म्हणून तिप्पट किंमत लावायची ही शुद्ध फसवणूक आहे. मी विकतो तेव्हा चिठ्ठीवर लिहून देतो की कुठलं चाक मूळचं आणि कुठलं वागळे इस्टेटचं. काही लोक ती चिठ्ठी वाचून परत जातात, जाऊदेत.

आता तुझ्यासाठी कामाचं. पितळ घासू नकोस. देव घासायची चिंच किंवा पावडर अजिबात नको, आंबटाने पितळातलं जस्त निघून जातं आणि तांब्याचा गुलाबी डाग राहतो. अमोनिया असलेलं पॉलिशही नको. आणि मुख्य म्हणजे लॅबच्या त्याच कपाटात अमोनियाची बाटली असेल तर आजच हलव. ब्रिटिशांच्या काळात आपल्याकडे पावसाळ्यात बंदुकीच्या काडतुसांच्या पितळी नळ्या आपोआप तडकायच्या, कुणाला कळेना का, आणि १९२१ मध्ये नीट उलगडा झाला की जवळच्या तबेल्यातल्या घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळ ठोकून बनवताना आत राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ चिरतं. कोकणातला जून म्हणजे दमट हवा फुकट. तू फक्त मऊ ब्रशने धूळ काढ, जुनं घट्ट झालेलं ग्रीस रॉकेल मिळालं तर रॉकेलने नाहीतर स्पिरिटने पूस, पण स्पिरिट लाकडाला लागू देऊ नकोस, चपड्याचं पॉलिश विरघळतं.

आणि यंत्र नीट झालं की मुलांना आधीच सांगून टाक की अंतरं खोटी आहेत. तुझा पृथ्वीचा गोल तीन सेंटिमीटरचा धरला तर सूर्य सव्वातीन मीटरचा गोळा हवा आणि तो साडेतीनशे मीटर लांब, म्हणजे बारा डब्यांची लोकल लावली तरी वर अंतर उरतं. ते कुठल्याच टेबलावर मावत नाही, म्हणून बनवणाऱ्याने ठरवलं की अंतर खोटं चालेल पण दिशा आणि वेळ खरी पाहिजे. तुमच्या यंत्रातली दिशाच बिघडलीय, म्हणून मला इतकं लागलं. अक्ष जमला की गोलावर आपल्या कोकणच्या जागी काडीपेटीच्या काडीचा तुकडा मेणाने उभा चिकटव आणि खोलीत अंधार करून आर्म फिरव. दुपारी सावली गायब होते ते दिवस वर्षातून दोनदा येतात, ठाण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी, तुमच्याकडे मेमध्ये आठवडाभर आधी आणि परत ऑगस्टच्या सुरुवातीला. ऑगस्टमध्ये ढग असणार, पण यंत्रात ढग नाहीत.

तर असं कर, शाळा सुरू व्हायच्या आत दाते मोजून पाठव, आणि चेनच्या दहा कड्यांची लांबी मोजून सांग, मी मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जाऊन तशी मिळते का बघतो, नाही मिळाली तर मामा आहेतच. यंदा अधिक महिन्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आलेत, गावी येईन तेव्हा पिन आणि चेन घेऊन येतो, कोकण रेल्वेचं तिकीट वेटिंगला आहे ते कन्फर्म झालं तर, नाहीतर लालपरी. हेडसरांना म्हणावं ठाण्याचा एक माणूस फुकट दुरुस्त करून देतोय, बदल्यात फक्त घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं पाहिजे. वहिनींना नमस्कार, चिमणीला पापा.

तुझा,
नंद्या

ता. क. फोटोत बल्बची वायर जुनी कापडी दिसतेय. काहीही झालं तरी प्लग लावू नकोस, आधी वायर बदलून घे, आणि फिलामेंटचा बल्ब काढून छोटा एलईडी लाव, पण दुधी काच नको, नाहीतर काडीची सावली धड पडणार नाही.