केबिनच्या छताला कोणता रंग द्यायचा

वर्सोवा, मुंबई

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, डोळ्यात औषधाचे थेंब वेळेवर घालताय ना? आई, तू लक्ष ठेवतेस हे ठाऊक आहे, तरी विचारल्याशिवाय राहवत नाही. ताईला सांग, बोंबील पाठवलेत.

आता बोटीचं. ती किनाऱ्यावर ओढून घेतली आहे. 1 जूनला मासेमारीबंदी लागते, ती 31 जुलैपर्यंत. सगळे म्हणतात, दोन महिने आहेत, सावकाश रंगवू. पण पावसाळी हवेत लाकूड ओलं राहतं, आणि ओल्या फळीवर मारलेल्या रंगाला फोड येतात. म्हणून आतलं काम मेमध्येच उरकायचं ठरवलं.

केबिनचं छत फार काळं झालंय. निम्मी काजळी चुलीची आहे, निम्मी बुरशी. मागच्या कोपऱ्यात वरून पाणी मुरत होतं. सुतारानं आधी तो सांधा उघडून नीट बंद केला, कारण वरची गळती तशीच ठेवून आतून रंग देण्यात काही अर्थ नव्हता. मग सगळं छत गोड्या पाण्यानं धुऊन घेतलं. फळीवर मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं.

बाबा, तुम्ही पूर्वी आतून मुशी माशाच्या काळजाचं तेल लावायचात. लाकूड त्यानंच टिकलं, सुतारही तेच म्हणाला. पण तेलकट फळी रंग धरत नाही, म्हणून ती थिनरनं पुन्हा पुन्हा पुसावी लागली. रंगाचे जुने थर कोरडे घासू दिले नाहीत, पाणी मारून घासायला लावले. त्या काळच्या रंगांत शिसं असायचं आणि त्याची धूळ पोरांच्या छातीत गेलेली मला चालणार नाही. घरगुती रंगात 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, जास्त शिसं नको, असा नियम 2017 पासून लागू आहे. तो सगळ्याच रंगांना लागू नाही, म्हणून डब्यावर लिहिलेलं वाचूनच घेणार आहे.

दुकानदार दोन डबे मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग घ्या म्हणून मागे लागला होता. काचेसारखा होतो, दिसतो छान. पण आपली बोट फळ्यांची. फळी पावसात फुगते, उन्हात आकसते. इतका कडक थर सांध्यावर तडकतो, तड्यातून पाणी आत शिरतं आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या रंगाखाली लाकूड कुजत जातं. भिंतीचा डिस्टेंपर तर नकोच. तो काजळी पिऊन घेतो आणि पुसायला गेलं की निघून येतो. माझं मत साध्या तेलरंगाचं आहे, कमी चकाकीच्या सॅटिन इनॅमलचं. तो थोडा लवचीक असतो, ओल्या फडक्यानं पुसता येतो आणि पुढच्या वर्षी एखाद्या ठिकाणी खरवडून तेवढाच हात मारता येतो. आधी लाकडाचा प्रायमर, मग दोन हात, आणि दोन्ही हातांमध्ये किमान एक दिवस.

आता जे सांगायला खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते. बाबा, तुम्हांला आतूनही बाहेरच्यासारखा गडद हिरवा हवा आहे. बाहेरचा हिरवा मी बदलणार नाही, ती आपल्या बोटीची ओळख आहे. पण आत फिकट क्रीम रंग देऊ या. केबिन बुटकी आहे. रात्री खलाशी तिथेच झोपतात, त्यांचे श्वास, भाताची वाफ, सगळं थंड छताला लागून थेंब धरतं. गडद रंगावर बुरशीचा पहिला डाग दिसतच नाही, दिसतो तेव्हा फळी मऊ झालेली असते. फिकट छतावर बोट चालवणाऱ्या तांडेलाला डाग वेळेवर दिसेल, आणि एका बल्बचा उजेडही सगळ्यांना पुरेल. पांढराशुभ्र घेत नाही, कारण तेलरंगाचा पांढरा बंद अंधाऱ्या जागेत पिवळा पडतो, आणि बंदीच्या महिन्यांत आपली केबिन बंदच असते. चकचकीतही नको, बल्ब डोळ्यांत चमकतो.

थेंब मात्र रंगानं थांबत नाहीत, त्याला वारा लागतो. म्हणून पुढच्या बाजूला एक झडप काढायला सुताराला सांगितलंय. लाट आली तर बंद होईल अशी.

एकच गोष्ट तुमच्यावर सोडते. छताच्या लाकडी कड्या क्रीम रंगवायच्या की तेलाच्या तशाच ठेवायच्या? त्या तुम्ही स्वतः तासल्या आहेत. शुक्रवारी सामान आणायला जाणार आहे, त्याआधी ताईच्या फोनवरून कळवा.

तुमची,
धाकटी