गोळी रक्तदाबाची, सूज हिरड्यांची

महोदय,
हिरड्या सुजल्या की दोष दात घासण्यातील हलगर्जीपणाला दिला जातो, आणि तो बहुधा खराही असतो. परंतु रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन किंवा निफेडिपिन घेणाऱ्या काही रुग्णांची हिरडीच वाढून दातांवर चढते, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते. ही औषधे पेशींच्या आवरणातील, कॅल्शियम आत सोडणाऱ्या प्रथिनांच्या वाहिन्या रोखतात. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात खऱ्या, पण हिरडीत जुने कोलॅजन (हिरडीला बळकटी देणारे तंतुमय प्रथिन) मोडण्याचे काम मंदावून ते साचत जाते, असे मानले जाते. सोडियमच्या वाहिन्या रोखणाऱ्या फेनिटॉइन या अपस्मारावरील औषधाचा असाच परिणाम १९३९ मध्येच नोंदला गेला होता. दातांवर किटण असल्यास ही वाढ बळावते. दंतवैद्याने चालू औषधे आवर्जून विचारावीत. रुग्णाने मात्र गोळी परस्पर बंद करू नये, कारण पर्यायी औषधे उपलब्ध आहेत.

– एक वाचक