गुडघ्याची पुडी आणि बीपीची गोळी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आईला बीपीची गोळी चालू होऊन सहा वर्षं झाली, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली, रोज सकाळी न चुकता घेते, तरी यंदा भुईमूग काढणीनंतर वरचा आकडा १७०च्या खाली येईनाच. डॉक्टर म्हणाले डोस वाढवावा लागेल, पण आधी घरात असतील नसतील तेवढ्या गोळ्या घेऊन या. त्या पिशवीतून कागदाच्या पुड्या निघाल्या. गुडघे दुखतात म्हणून ती गावातल्या मेडिकलमधून सुट्या गोळ्या आणत होती, रोज दोन, ना पट्टी ना नाव ना एक्स्पायरी. चौकशी केल्यावर कळलं डायक्लोफेनॅक नावाची पेनकिलर आहे.

ही गोळी अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, मग बीपीची गोळी घेऊनही बीपी चढतंच, आणि टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारं क्लोरथॅलिडोन अन् पेनकिलर अशी तिन्ही एकत्र पोटात गेली की किडनीवर फार ताण येतो. आईचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा, वाढून १.९ आलं होतं. पुड्या बंद केल्यावर महिन्याभरात ते उतरलं, बीपीही १४०च्या आत आलं, आणि डोस होता तोच राहिला. गुडघ्यासाठी आता डॉक्टरांनी सांगितली तेवढीच पॅरासिटामॉल, आणि शेक.

मला सांगायचंय ते असं की आई खोटं बोलत नव्हती. दर वेळी डॉक्टर विचारायचे दुसरी काही औषधं चालू आहेत का, ती नाही म्हणायची, कारण तिच्या लेखी औषध म्हणजे बीपीचं, गुडघ्याची पुडी हे औषधच नाही! म्हणून डॉक्टर आणि नर्सताईंना हात जोडून विनंती, "अंग दुखलं की काय घेता?" असं विचारा हो. आणि मेडिकलवाल्यांनीही डायक्लोफेनॅक चिठ्ठीशिवाय द्यायची नसते हे पाळावं, निदान "बीपीची गोळी चालू आहे का" एवढं तरी विचारावं आणि नाव दिसेल अशी पट्टी कापून द्यावी. कमी सोडियमचं मीठ आणणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांना विचारा, त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टननेही ते वाढतं, हे मलाही आत्ताच कळलं.

आणि हे वाचून कुणी घाबरून बीपीची गोळीच बंद करू नका, कृपा करून.

परवा शेजारच्या काकूंचा डबा उघडून बघितला, त्यांनाही बीपी आहे. त्यात तशाच चार पुड्या होत्या.

– एक वाचक, जि. सातारा