‘स्टँड बाय मी डोरेमॉन’: दोष थ्रीडीचा नाही, सक्तीचा आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलांच्या अ‍ॅनिमेशनपटांविषयी आपल्या पुरवणीत आलेली वाचकांची मते वाचली. ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’वर सगळ्यांत जास्त पत्रे असावीत, हे स्वाभाविकच आहे. आपल्याकडे 2005 पासून टीव्हीवर हिंदीत डोरेमॉन (शाळकरी नोबिताच्या मदतीला भविष्यातून आलेला यांत्रिक बोका) लागतो आणि तो बघत वाढलेली मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत. पण बहुतेक पत्रांचा रोख दोनच गोष्टींवर होता. एक, चांगल्या रेखाटनांचे थ्रीडी बाहुले केले. आणि दुसरी, नोबितामुळे मुले आळशी होतात. चित्रपटात खरोखर जे चुकले आहे, त्याचा उल्लेख एकाही पत्रात नव्हता, म्हणून हे लिहीत आहे.

आधी थ्रीडीविषयी. 2014 साली आलेला, ताकाशी यामाझाकी आणि र्‍यूइची यागी यांनी दिग्दर्शित केलेला हा डोरेमॉनचा पहिला संपूर्ण संगणकीय थ्रीडी चित्रपट. कागदावरच्या पात्रांना घनता देणे वाटते तेवढे सोपे नसते. कागदावर नोबिताच्या चष्म्याची गोल काच हाच त्याच्या डोळ्याचा पांढरा भाग असतो, आत एक ठिपका दिला की भागते. थ्रीडीत काच वेगळी, बुबुळ वेगळे, मधे हवा, काचेवर प्रकाश. नोबिताच्या वर्गातल्या सुनियोचे केस तर रेखाटनात कायम बाजूनेच दिसतात. त्याने मान वळवली की केसही सोयीने दुसर्‍या बाजूला जातात आणि कुणाला ते खटकत नाही. घन डोक्यावर अशी चलाखी चालत नाही, तिथे टोके कुठे उगवणार हे एकदा कायमचे ठरवावे लागते. एवढ्या अडचणी असूनही पात्रे ओळखीची वाटतात आणि पाच-दहा मिनिटांत नजर सरावते. शिवाय डोक्यावर बांबू-कॉप्टर हे छोटे पंखे लावून केलेल्या उड्डाणात घरांच्या छपरांची जी खोली जाणवते, ती सपाट चित्रात मिळाली नसती. तेव्हा ‘थ्रीडी करून वाट लावली’ हे मत मला मान्य नाही.

आळशीपणाच्या आरोपाला तर मूळ कथाच उत्तर देतात. डोरेमॉनच्या साध्या गोष्टीचा साचा बघा: नोबिता रडत येतो, डोरेमॉन पोटाच्या खिशातून वस्तू काढतो, नोबिता तिचा हव्यासाने वापर करतो आणि शेवटी तीच वस्तू त्याच्यावर उलटते. चित्रपटात अंड्याचा प्रसंग आहे. त्या यंत्रात बसून बाहेर आलेली व्यक्ती समोर दिसेल त्याच्या प्रेमात पडते. नोबिता त्याला आवडणार्‍या शिझुकाला आत बसवतो, पण ती बाहेर येते तेव्हा समोर असतो वर्गातला हुशार डेकीसुगी. वर यंत्राने वळवलेले मन मला नको, असे डेकीसुगीच सांगतो. फुकटात काही मिळत नाही हे मुलाला याहून स्पष्ट कसे सांगायचे? तक्रार करणार्‍या पालकांनी एखादा भाग शेवटपर्यंत बघावा. शेवटच्या दोन मिनिटांत काय झाले ते मुलाकडून वदवून घ्यावे, मग मत बनवावे.

आता मुख्य मुद्दा. हा चित्रपट नव्याने लिहिलेल्या गोष्टीवर नाही, तो सात जुन्या कथा जोडून केला आहे. मूळ लेखक-चित्रकार फुजिको एफ. फुजिओ यांच्या डोरेमॉन चित्रकथांचे 45 खंड आहेत आणि या सात कथा त्यांत दूरदूर विखुरलेल्या आहेत. डोरेमॉन टेबलाच्या खणातून येतो ती कथा खंड 1 मध्ये. निरोपाची खंड 6 च्या शेवटी आणि परत येण्याची खंड 7 च्या सुरुवातीला. बर्फातल्या डोंगराची खंड 20 मध्ये, लग्नाच्या आदल्या रात्रीची खंड 25 मध्ये, शिझुकाला दूर लोटण्याची खंड 32 मध्ये आणि अंड्याची खंड 37 मध्ये. हा क्रम लक्षात घेतला की चित्रपटाने काय उलटेपालटे केले ते कळते.

निरोप आणि पुनरागमन 1974 च्या मार्च-एप्रिलचे. लग्नाच्या आणि बर्फाच्या कथा त्यानंतरच्या. म्हणजे मूळ वाचकाने आधी डोरेमॉन गेलेला पाहिला, मग परत आलेला पाहिला आणि त्यानंतर मोठा झालेला नोबिता पाहिला. डोरेमॉन का जातोय, याचे नीटसे कारण 1974 च्या कथेत दिलेलेच नाही. त्याला भविष्यात परत जावे लागणार, एवढेच. आणि एकदा परत आल्यावर तो राहिला तो 1996 मध्ये फुजिओ गेले तोवर. तो का राहिला, याचे कारण लेखकाला कधी द्यावे लागले नाही, कारण वाचकाला ते ठाऊक होते.

चित्रपटाने मात्र कारण दिले. नोबिताचा भविष्यातला वंशज सेवाशी डोरेमॉनला नोबिताकडे सोडताना त्याच्यात एक प्रोग्रॅम चालू करतो: नोबिता सुखी होईपर्यंत परतायचे नाही, ‘मला परत जायचंय’ म्हटले की विजेचा झटका. पुढे नोबिताचे शिझुकाशी लग्न होणार हे पक्के झाले की तोच प्रोग्रॅम उलटा फिरतो, काम झाले, आता मुदतीत निघ. 95 मिनिटांत सात गोष्टी एका दोर्‍यात ओवायच्या तर दोरा हवा, हे समजू शकते. टीव्हीवरची एक गोष्ट साधारण 11 मिनिटांची असते आणि संपली की सगळे पूर्ववत होते. चित्रपटाला तसे चालत नाही, एका गोष्टीचे ओझे पुढच्या गोष्टीने उचलावे लागते. पण त्यासाठी जो दोरा निवडला, त्याने मैत्रीलाच गाठ मारली. डोरेमॉन मदत करतो ती मनापासून की झटक्याच्या भीतीने, असा प्रश्न सात वर्षांचे मूलही विचारू शकते आणि चित्रपटात त्याचे सरळ उत्तर नाही. झटके विनोदासाठी म्हणून दाखवले आहेत, थिएटरात त्यावर हशाही येतो. शेवटी निरोपाच्या वेळी तोच प्रोग्रॅम आड येतो तेव्हा मात्र प्रेक्षकाने रडावे अशी अपेक्षा आहे. एकाच वस्तूवर आधी हसायला लावून नंतर रडायला लावणे अशक्य नाही, पण त्यासाठी मधे डोरेमॉनने एकदा तरी झटका सोसून स्वतःच्या इच्छेने काही करायला हवे होते. तसा ठळक प्रसंग नाही.

काही वाचकांनी ‘मुद्दाम रडवलंय’ असे लिहिले आहे. जपानमध्येही जाहिराती अश्रूंच्याच नावावर झाल्या होत्या आणि तिथल्या काही जुन्या वाचकांना त्या रुचल्या नव्हत्या. पण रडू कुठे येते ते तपासले, तर त्यात प्रोग्रॅमचा काहीच वाटा नाही. ते येते मैदानातल्या मारामारीत. रात्री झोपेत चालणारा दांडगट जियान, आपल्याला तसे कुणी पाहिल्याचा त्याचा राग आणि समोर नोबिता. नोबिता मार खातो, पडतो, पुन्हा जियानच्या पायाला धरतो. आपण एकट्याने जिंकलो नाही तर डोरेमॉन निश्चिंतपणे जाऊ शकणार नाही, एवढेच त्याच्या डोक्यात आहे. अखेर कंटाळून हार मानतो तो जियान. मूळ कथेत हे मोजक्या चौकटींत होते आणि चित्रपटाने ते जवळपास जसेच्या तसे ठेवले. आवाज कमी ठेवून हे दृश्य पाहा, तरी ते कळते. दुसरी जागा म्हणजे बोललेले सगळे खोटे ठरवणारे पेय. डोरेमॉन परत आला, अशी थाप जियान मारतो. चिडलेला नोबिता ते पेय पिऊन त्याला धडा शिकवतो आणि घरी येऊन म्हणतो की डोरेमॉन परत येणार नाही. वाक्य खोटे ठरते. ही युक्ती 1974 ची आहे आणि तिला आजही तोड नाही.

शिझुकाबद्दल एका वाचक भगिनीने लिहिले होते, त्यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. नोबिताचे सुख म्हणजे शिझुकाशी लग्न, असे चित्रपट सुरुवातीलाच ठरवतो आणि मग ती मुलगी बक्षीस होऊन बसते. त्याची दुसरी बाजू जास्त टोचते. ‘वाईट’ भविष्य दाखवायचे तर नोबिताशेजारी जियानची बहीण जायको उभी करतात आणि तेवढ्यावर हसू अपेक्षित असते. मूळ मालिकेत ही जायको पुढे मन लावून कॉमिक्स काढणारी, टोपणनावाने ती छापून आणू पाहणारी मुलगी होते. फुजिओंनी तिला हळूहळू माणूस केले. चित्रपटाने तिला पुन्हा पहिल्या पानावर नेऊन सोडले. लग्नाच्या आदल्या रात्री शिझुकाचे वडील नोबिताविषयी बोलतात तो प्रसंग चांगला आहे, दुसर्‍याच्या सुखात सुख मानणारा मुलगा म्हणून तिची निवड योग्य असल्याचे ते सांगतात. पण तिथेही निवडीचे कारण वडीलच सांगतात. शिझुकाला स्वतःचे कारण बर्फाच्या प्रसंगात थोडे मिळते आणि तेही घाईत.

भविष्यातल्या टोकियोत प्रायोजकांची नावे झळकतात, ती काढली असती तर बरे झाले असते. मुलांचे त्याकडे फारसे लक्ष जात नाही.

ज्यांना मुलांसोबत हा चित्रपट बघायचा आहे, त्यांच्यासाठी काही व्यावहारिक सूचना. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना मधला भाग जड जातो. तिथे वस्तू कमी आणि मोठ्या माणसांचे बोलणे जास्त आहे, चुळबुळ तिथेच सुरू होते. घरी बघत असाल तर शिझुका नोबिताला वाचवते त्या प्रसंगानंतर थांबा आणि बर्फाच्या डोंगरापासूनचा भाग दुसर्‍या दिवशी लावा. वादळातले दृश्य लहानांना घाबरवते, आणि मोठा नोबिता व छोटा नोबिता एकाच वेळी कसे, हा गोंधळही तिथेच होतो. छोट्याची आठवण हीच मोठ्याला मिळालेली चिठ्ठी, एवढे आधी सांगून ठेवले की मूल पुढचे आपोआप जुळवते. शेवटची नावे सुरू झाली म्हणून उठू नका. चित्रीकरणात पात्रे चुकत आहेत असे गमतीचे तुकडे तिथे आहेत आणि रडून झालेल्या मुलाला त्यांचा उपयोग होतो.

ज्यांची मुले वाचती आहेत, त्यांनी चित्रपटाआधी खंड 1 मधली पहिली कथा आणि नंतर खंड 6 ची शेवटची व खंड 7 ची पहिली एवढ्या तीन तरी दाखवाव्यात. इंग्रजी आवृत्ती मिळते. शब्द कमी, चित्रे बोलकी असल्याने तिसरी-चौथीतले मूल मदतीने वाचते. क्रम उलटा करू नये. निरोपाची कथा आधी वाचली तर चित्रपटातला शेवट फुटतो, नंतर वाचली तर प्रोग्रॅम नसतानाही गोष्ट उभी राहते हे मुलाला स्वतःच दिसते.

संपादक महोदय, आपणास एक विनंती. आपल्या सिनेमाच्या पानावर मुलांच्या चित्रपटाला तारे दिले जातात. त्यासोबत लांबी किती मिनिटांची, कोणत्या वयाला जमेल, कोणत्या भाषेत डब झाला आहे, भीतीदायक दृश्ये कुठे आहेत, एवढी चार ओळींची चौकट छापावी. पालकांना तार्‍यांपेक्षा तिचा जास्त उपयोग होईल.

कळावे,
आपल्या दैनिकाचा एक वाचक,
डोंबिवली