क्रूझवरची ग्रॅच्युइटी काढून टाकू नका, आणि टूर कंपन्यांनी ती लपवू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्यांचं बुकिंग सुरू झालं की आमच्या सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो, की क्रूझला जाताय ना, मग शेवटच्या संध्याकाळी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जायचं आणि आपल्या खात्याला लागलेली ग्रॅच्युइटी, म्हणजे बोटीवरच्या कर्मचाऱ्यांची टीप, काढून टाका म्हणून सांगायचं, ते लोक फारसं काही विचारत नाहीत, चार माणसांचे आरामात वीस-पंचवीस हजार वाचतात. त्याखाली लगेच अंगठे आणि धन्यवादांची रांग. हे वाचून मला वाईट वाटतं आणि रागही येतो. राग मेसेज पाठवणाऱ्यांचा थोडा आणि टूर कंपन्यांचा जास्त, तो का ते पुढे लिहिते.

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. आमच्याकडे आणि खाली गोव्यात जवळजवळ प्रत्येक वाडीत एक तरी माणूस बोटीवर असतो, पूर्वी मालवाहू बोटींवर, पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या पॅसेंजर बोटींवर असायचे, आता क्रूझवर. मुंबईत धोबीतलावला गोव्याच्या गावागावांचे जे क्लब आहेत, कूड म्हणतात त्यांना, तिथे हे तारवटी, म्हणजे बोटीवरचे लोक, बोटीची वाट बघत राहायचे. माझा भाचा एका अमेरिकन कंपनीच्या बोटीवर केबिन स्टुअर्ड आहे, म्हणजे प्रवाशांच्या खोल्या आवरतो, त्यामुळे ही ग्रॅच्युइटी कुठून येते आणि कुठे जाते हे मला घरातच ऐकायला मिळतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. क्रूझवर चढताना आपलं कार्ड खात्याला जोडून घेतात आणि मग रोज माणशी एक ठराविक रक्कम त्या खात्यावर आपोआप चढते, नाहीतर बुकिंगच्या वेळीच आगाऊ भरून घेतात. मोठ्या अमेरिकन कंपन्यांचा साध्या केबिनचा दर हल्ली दिवसाला माणशी १६ ते २० डॉलरच्या घरात आहे, स्वीट म्हणजे मोठी आलिशान खोली घेतली तर अजून जास्त. चौघांचं कुटुंब, चार रात्री, १८ डॉलरने धरलं तरी २८८ डॉलर होतात, म्हणजे आपले पंचवीस हजारांच्या आसपास. शिवाय ड्रिंक्स घेतली, स्पामध्ये गेलात, तर त्या बिलावर १८-२० टक्के वेगळे. रक्कम छोटी नाही हे मला मान्य आहे, आणि वर्षानुवर्षं पैसे साठवून आईवडिलांना पहिल्यांदा परदेशी घेऊन जाणाऱ्या माणसाला ती टोचणारच.

पण हे पैसे म्हणजे हॉटेलात बिलाच्या बशीत बडीशेपेबरोबर ठेवलेले वीस रुपये नाहीत. बऱ्याच कंपन्यांत केबिन स्टुअर्ड, वेटर, असिस्टंट वेटर यांचा मूळ पगार अगदी थोडा असतो आणि हातात पडणाऱ्या पैशातला मोठा भाग या ग्रॅच्युइटीच्या पूलमधून, म्हणजे सगळ्यांसाठी एकत्र जमवलेल्या रकमेतून, येतो. म्हणजे कंपनीने पगाराचा एक तुकडा तिकिटातून काढला आणि वेगळ्या नावाने प्रवाशाच्या खात्यावर टाकला. तिकीट स्वस्त दिसावं म्हणून केलेली ही व्यवस्था आहे, ती चुकीचीच आहे, पण आपण काउंटरवर जाऊन ती रक्कम काढली की कंपनीला त्याची झळ बसत नाही, बसते ती खाली डेकवर राहणाऱ्या पोरांना.

त्यांचं काम काय असतं ते आपल्याला फारसं दिसत नाही, कारण दिसू नये अशीच सगळी रचना असते. आपण नाश्त्याला गेलो की खोली आवरलेली, जेवून आलो की पलंगावर टॉवेलचा हत्ती नाहीतर माकड करून ठेवलेलं, मुलं खूष. पण बोट बंदराला लागते तो शेवटचा दिवस बघा एकदा. सकाळी नऊ-दहापर्यंत सगळे जुने प्रवासी उतरतात आणि दुपारी बारा-एकपासून नवे चढायला लागतात. मधल्या त्या दोन-तीन तासांत एकेका स्टुअर्डला आपल्या पंधरा-वीस केबिनमधल्या सगळ्या चादरी काढायच्या, नव्या घालायच्या, बाथरूम घासायची, भिंतीतून खाली येणारे जादा बेड आत ढकलायचे किंवा बाहेर ओढायचे, लाइफ जॅकेट मोजायची, बाल्कनीची काच पुसायची, आणि तेही कॉरिडॉरमध्ये मळक्या कपड्यांच्या पोत्यांचे ढीग पडलेले असताना. भाचा म्हणतो त्या दिवशी जेवण उभ्यानेच होतं. आणि संध्याकाळी परत नव्या पाहुण्यांच्या दारात हसून वेलकम करायचं, त्यांची नावं पाठ करायची, कोणाला जास्तीची उशी हवी, कोणाला बर्फ हवा ते लक्षात ठेवायचं.

काँट्रॅक्ट साधारण सहा ते नऊ महिन्यांचं, त्या पूर्ण काळात आठवड्याची सुट्टी अशी नसते, पाण्याच्या पातळीच्या आसपासच्या डेकवर बिनखिडकीच्या केबिनमध्ये दोघं-तिघं. घरी येतात ते महिने बहुतेकांचे बिनपगारी. सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, एसटीसीडब्ल्यू म्हणजे बोटीवरच्या सुरक्षेचे सक्तीचे कोर्स, मेडिकल, अमेरिकेचा व्हिसा हे सगळं होईपर्यंत घरचे पैसे गेलेले असतात ते वेगळंच, आणि नोकरी लावायचे पैसे एजंटने घ्यायचे नाहीत असा नियम असूनही घेणारे घेतात, त्यावर एक वेगळं पत्र लिहावं लागेल.

कोणी म्हणेल कामगार कायदे आहेत ना. बोट मियामीहून सुटत असली तरी नोंदणी बहुधा बहामाजला नाहीतर पनामाला, बर्म्युडाला केलेली असते, त्यामुळे अमेरिकेचं किमान वेतन या पोरांना लागू होत नाही. मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन म्हणून आंतरराष्ट्रीय करार आहे, २००६ साली झाला, २०१३ पासून लागू आहे, भारतानेही २०१५ मध्ये मान्य केला. त्याने बरंच सुधारलं हे खरं. पण त्यात कामाचे तास मोजण्याचा जो एक मार्ग दिलाय तो विश्रांतीवरून मोजायचा, की २४ तासांत कमीत कमी १० तास आणि आठवड्यात कमीत कमी ७७ तास विश्रांती मिळायला हवी. आठवड्याचे १६८ तास, त्यातून ७७ वजा करा, ९१ राहतात. म्हणजे आठवड्याला ९१ तास काम करून घेतलं तरी ते नियमात बसू शकतं. आपल्याकडे कारखान्यात आठवड्याला ४८ तास म्हणतो आपण.

आता जे लोक म्हणतात की आम्ही खात्यावरची ग्रॅच्युइटी काढतो पण आमच्या स्टुअर्डच्या आणि वेटरच्या हातात रोख देतो, त्यांचा हेतू चांगला असतो, त्यांच्याबद्दल मला राग नाही. पण दोन गोष्टी त्यांना माहीत नसतात. एक म्हणजे या पूलमधून नुसता समोर दिसणारा वेटर नाही, तर पाठीमागची बरीच माणसं पैसे घेत असतात, लाँड्रीतली, भांडी धुणारी, बुफेच्या ट्रे उचलणारी. ती आपल्याला कधी भेटतच नाहीत, त्यांच्या हातात पाकीट कोण देणार? आणि दुसरं म्हणजे काही कंपन्यांचा असा नियम आहे की ज्या प्रवाशाने ग्रॅच्युइटी काढून टाकली त्याने दिलेली रोख टीप कर्मचाऱ्याने पूलमध्ये जमा करायची. म्हणजे तुम्ही ज्याला म्हणून दिलेत त्याला ते तसे मिळतीलच असं नाही. खात्यावरची रक्कम राहू दिली आणि वर काही दिलं, तर ते मात्र त्याचं.

मी स्वतः सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर आपल्याच मराठी ग्रुपबरोबर गेले होते. आमच्या टेबलाला जो असिस्टंट वेटर होता तो निघाला कुडाळकडचा, पहिल्या दिवशी इंग्रजीत बोलला, दुसऱ्या दिवशी आमचं बोलणं ऐकून हळूच मालवणीत म्हणाला, "कोकम सरबत हयसर नाय गावाचा, पण लिंबू-मीठ हाडतंय." (म्हणजे इथे मिळणार नाही, पण लिंबू-मीठ आणतो.) ग्रुपमधल्या जैन कुटुंबासाठी तो रोज आदल्या रात्री ऑर्डर लिहून घ्यायचा, कांदा-लसूण-बटाटा नाही हे किचनमध्ये परत परत सांगून यायचा, एका आजींना चहा आलं घालून आणि उकळत्या पाण्यातला लागायचा तर तो दूध वेगळं गरम करून आणायचा. कोणी काही मागितलं आणि तो नाही म्हणाला असं झालं नाही. शेवटच्या संध्याकाळी गेस्ट सर्व्हिसेसला भली मोठी रांग होती, तिच्यात आमच्या ग्रुपची ओळखीची तोंडं बरीच होती, ग्रॅच्युइटी काढायलाच आलेली. त्या आजींचा मुलगाही होता. मी त्याला बाजूला घेऊन हेच सगळं सांगितलं. तो म्हणाला, मावशी, मला हे कोणी सांगितलंच नाही, मला वाटलं कंपनी एक्स्ट्रा लुटतेय, जाहिरातीत तर ऑल इन्क्लुझिव्ह लिहिलं होतं.

आणि इथे माझा टूर कंपन्यांवरचा राग आहे. त्या मुलाचं चुकत नव्हतं. जाहिरातीत मोठ्या ठळक अक्षरात एक आकडा असतो, त्याच्या डोक्यावर एक चांदणी, आणि पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात जीएसटी, टीसीएस, व्हिसा, इन्शुरन्स, क्रूझ टिप्स वेगळ्या असं लिहिलेलं. काही ठिकाणी तेही नसतं, निघायच्या आठ दिवस आधी मीटिंगला बोलवून सांगतात की एवढे डॉलर वेगळे बरोबर ठेवा. माणसाला फसवल्यासारखं वाटतं आणि तो राग मग ज्याच्यावर निघू शकतो त्याच्यावर निघतो. आमच्या टूर मॅनेजरने तर स्वतःच माइकवरून सांगितलं होतं की ज्यांना नको असेल त्यांनी काउंटरवर जाऊन काढून घ्या, म्हणजे आपल्यावरची तक्रार टळली. मला हे अजिबात पटलेलं नाही.

हे असंच चालतं, त्याला इलाज नाही, असं कोणी म्हणू नये. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने मे २०१९ पासून ही रोजची रक्कम, तेव्हा ती माणशी ७ पौंड होती, सरळ बंद केली आणि खर्च तिकिटात घेतला. मरेला ही दुसरी ब्रिटिश कंपनी, तिच्याही तिकिटात टिप्स धरलेल्या असतात. या दोन्ही कंपन्यांच्या बोटींवर आपल्या मुंबई-गोव्याची माणसं मोठ्या संख्येने आहेत. २०२० च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊनमुळे मरेला डिस्कव्हरी मुंबईसमोर समुद्रात उभी होती आणि घर एवढ्या जवळ असून शंभरावर भारतीय कर्मचाऱ्यांना परवानगी येईपर्यंत उतरता येत नव्हतं, ती बातमी अनेकांना आठवत असेल. तर जे ब्रिटिश प्रवाशासाठी करता येतं ते सिंगापूरहून किंवा मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून चढणाऱ्या आपल्या प्रवाशासाठी का करता येऊ नये? निदान टूर कंपनीने तरी ग्रॅच्युइटी पॅकेजच्या किमतीतच धरून आगाऊ भरून टाकावी, बहुतेक क्रूझ कंपन्यांत तशी सोय असते. जाहिरातीतला आकडा थोडा वाढेल, पण बोटीवर रांग लागणार नाही.

सर्व्हिस खराब मिळाली तर काय, हा प्रश्न येतोच. तर पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच काउंटरवर सांगा, केबिन बदलतात, टेबल बदलतात, माणूस पाठवून प्रॉब्लेम सोडवतात. सांगूनही काहीच झालं नाही तर रक्कम कमी करायला सांगणं हा तुमचा हक्क आहे, त्यासाठीच ती सोय ठेवलीय. पण सगळं मनासारखं मिळून, रोज वाकून नमस्कार घेऊन, शेवटी काढून टाकणं ही वेगळी गोष्ट आहे.

आणि ज्यांना काही जास्त द्यायचं असेल त्यांनी रुपयांच्या नोटा देऊ नयेत, तिकडे त्या बदलायला त्रास होतो, डॉलरच्या छोट्या नोटा नेल्या की बरं, नाणी तर नकोतच. पैसे द्यायला जमत नसेल तर प्रवास संपल्यावर ईमेलवर जो फीडबॅक फॉर्म येतो त्यात स्टुअर्डचं आणि वेटरचं नाव स्पेलिंगसकट लिहा. भाचा सांगतो की नावानिशी आलेली चांगली कमेंट पुढचं काँट्रॅक्ट आणि प्रमोशनच्या वेळी बघतात. त्याला एक रुपया लागत नाही, तरी आपली माणसं तो मेल न उघडता डिलीट करतात.

संपादकसाहेब, तुमच्या पेपरातही रविवारी या टूर्सच्या पानभर जाहिराती येतात. जाहिराती घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण एवढं करा, तुमच्या पर्यटन पुरवणीत पुढच्या वेळी क्रूझवर लेख येईल तेव्हा त्यात चौघांच्या कुटुंबाचा पूर्ण खर्च ग्रॅच्युइटी धरून छापा, आणि टूर कंपन्यांना विचारून, कोण ती किमतीत धरतं आणि कोण धरत नाही, हे नावानिशी सांगा. यंदाच्या मे महिन्याच्या बुकिंगच्या आधी छापलंत तर जास्त लोकांच्या उपयोगी पडेल.

आपली नम्र,
एक वाचक, डोंबिवली